मेंदूमास्तर आणि काळं घर

मेंदूमास्तर मला पहिल्यांदा भेटले तेव्हा नमस्कार-चमत्कार काही न करता त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरलं, कलिंगड पारखावं तसं बोटाने वाजवलं आणि सगळ्या स्टाफरूमला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "आत भरपूर जागा आहे!" मी त्या शाळेत गणित शिकवायला आलो होतो. नोकरीचा पहिलाच तास.

शास्त्र शिकवणारे हे गृहस्थ मेंदूपायी वेडे झाले होते. त्या धड्याला मुलं जांभया देतात म्हणून त्यांनी पुठ्ठ्यावर मेंदू काढून एक खेळ बनवला. फासा टाकायचा आणि सोंगटी मेंदूतून फिरवायची. ती काळ्या घरात पडली की मेंदूचा एक भाग बिघडला असं धरायचं. खेळणाऱ्याने तो बिघाड करून दाखवायचा, बाकीच्यांनी भाग ओळखायचा, ओळखणाऱ्याला गुण. नकला करण्यात मास्तरांचा हात धरणारा कोणी नव्हता. तोल सांभाळणारा लहान मेंदू बिघडल्याचं दाखवताना एकदा ते असे झोकांड्या खात गेले, की कपाटाची काच फुटली.

निवृत्तीआधी हा खेळ वर्गात लागावा, एवढीच त्यांची इच्छा. पण मुख्याध्यापिकाबाईंच्या मते शिकणं आणि हसणं एका खोलीत नांदूच शकत नाही. "खेळायला मैदान आहे की, मास्तर!" वर्षभर भुणभुण ऐकून शेवटी त्या स्टाफरूममध्ये आमच्याबरोबर एक डाव खेळायला बसल्या, तेही घड्याळाकडे बघत.

मास्तरांची सोंगटी काळ्या घरात पडली. त्यांनी तोंड उघडलं. "ग... गब... तत..." उजव्या हातातून फासा गळाला. ओठ एका बाजूला लोंबला.

"आज रंगात आलेत!" कवायतीचे सर म्हणाले. "अहो, लाळसुद्धा! नाटकात जायचं सोडून इथे कुठे कडमडलात, मास्तर?"

मास्तर डाव्या हाताने टेबल बडवू लागले. आम्ही पोट धरधरून हसलो.

"थांबा, कोणी सांगू नका!" बाई ताडकन उठल्या. चेहरा लहान मुलीसारखा फुलला होता. "उजवा हात गेला, बोलणं गेलं... म्हणजे मेंदूची डावी बाजू! बरोबर ना, मास्तर?"

मास्तर डोळे विस्फारून बघत राहिले.

"गुण द्यायचं कसं जिवावर आलंय बघा यांच्या!" बाई आमच्याकडे वळून म्हणाल्या.

आम्ही टाळ्या वाजवल्या. मास्तर खुर्चीवरून घसरले तेव्हा टाळ्या आणखी वाढल्या.

बाईंचं उत्तर बरोबर होतं, असं इस्पितळातल्या डॉक्टरांकडून कळलं. मास्तर वाचले, पुन्हा बोलले मात्र नाहीत. खेळ वर्गात लागला नाही. नियम समजावून सांगायला कोणी पुढे आलं नाही.