लोणचं, लिनक्स आणि माझं एक बोट

बायको गेली त्याच्या आदल्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून कैरीच्या लोणच्याचं प्रमाण कॉम्प्युटरात भरलं, आणि वर्षभराने मी ते एका बोटाने पुसलं.

भरलेलंही त्याच बोटाने. शालन विळीवर कैऱ्या चिरत सांगत होती, मी अक्षरं बडवत होतो. (मी सातवी पास. मानपाड्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर. मला पाना द्या, कीबोर्ड नको!)

"अहो, लक्ष कुठंय तुमचं? मेथी तळून घ्यायची, लिहिलंत का?"

"अगं, 'थ' सापडेना!"

"डोक्यावरचा चष्मा सापडत नाही तुम्हाला, 'थ' काय सापडणार!"

लेकीने, सुषमाने, शिकवलेलं तसं शेवटी सेव्ह केलं. पडद्याच्या कोपऱ्यात कागदाचं चित्र उमटलं, खाली नाव 'लोणचं'. शालन म्हणाली, "आता मी मेले तरी अडणार नाही तुमचं."

"गप गं, चहा टाक," मी म्हटलं.

पहाटे झोपेतच गेली. इतक्या वर्षांच्या संसारात तिला धड असं शेवटचं काय बोललो, तर चहा टाक. असा मी!

ते चित्र मी वर्षभर उघडलं नाही. रोज सकाळी मशीन चालू करायचं, कोपऱ्यात 'लोणचं' आहे ना बघायचं, आणि पत्ते खेळायचे. उघडायचा धीर नव्हता.

मग पडद्यावर सूचना यायला लागली, की हे विंडोज आता जुनं झालं, आणि नवीन या मशीनवर बसणार नाही. दुकानदार म्हणाला, "काका, मशीनच नवीन घ्या." मी भडकलो. जुनं झालं म्हणून टाकायचं तर पहिला नंबर माझा!

खालच्या मजल्यावर म्हात्रे राहतात. आमची बिल्डिंग उभी आहे ती जमीन त्यांच्या बापाची, म्हणून ते सगळ्यांना अरे-तुरे करतात. ते म्हणाले, "आरं, त्याच्या जागी लिनक्स टाक! फुकट हाय!"

"फुकट म्हणजे काहीतरी गोम असणार."

"कसली गोम? माझ्याकरं दोन वर्सं चालतंय. मीच बसवलाय!" (सुनेने बसवलेलं. हे मला नंतर कळलं.)

रविवारी म्हात्रे पेनड्राइव्ह प्रसादासारखा मुठीत धरून आले.

"तुझं काय सामान असंल तं आधी कारून ठेव."

"सामान पडद्यावर आहे," मी म्हटलं. "आपण खालच्या खोक्यातलं इंजिन बदलतोय. इंजिन बदललं म्हणून डिकीतली पिशवी जाते का?"

म्हात्र्यांनी डोकं खाजवलं. "नाय. बराबर हाय तुझं."

दोन शहाणे एकत्र आले की असं होतं!

थोड्या वेळाने पडद्यावर इंग्रजीत लांबलचक प्रश्न आला. म्हात्र्यांनी चष्मा नाकावर ओढला. "इचारतंय, जुनं सगलं साफ करू काय?"

"कर की! जुनं ग्रीस काढल्याशिवाय नवीन बेअरिंग बसतं का कधी?" असं म्हणून मीच बटण दाबलं. ठासून!

मशीन असं पळायला लागलं की मी खुश होऊन म्हात्र्यांना दोन लाडू दिले. पडदा कसा स्वच्छ, लख्ख. इतका लख्ख, की कोपऱ्यात लोणचंही नव्हतं.

मी चष्मा पुसला. पडदा पुसला. म्हात्रे म्हणाले, "मागं सरकलं असंल." मी पाना-पेचकस काढला आणि पडद्याचं मागचं झाकण खोललं! आत तारा होत्या. शालन नव्हती.

म्हात्रे अर्धा लाडू हातात घेऊन हळूच सटकले.

कोलशेतला सुषमाला फोन लावला. "बाबा! फाईल पडद्यावर नसते हो, खोक्यातच असते. काय केलंत हे!"

"मग परत विंडोज टाकू? त्यात लोणचं परत येईल ना?"

"आता काहीही टाका, ते येणार नाही." मग जरा नरम होऊन म्हणाली, "आठवा ना, बाबा. आईने सांगितलं तेव्हा तुम्हीच तर टाईप केलेलं."

"अगं, ती सांगत होती तेव्हा मी 'थ' शोधत होतो."

 

दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण परत बसवलं, चहा स्वतः टाकला आणि त्या फुकटच्या लिनक्सपुढे बसलो. कोरं पान उघडलं. वर लिहिलं, 'लोणचं'. खाली लिहिलं, 'मीठ', आणि पुढे किती ते आठवेना. मोहरी आठवेना. हिंग आठवेना. तासभर डोकं धरून बसलो, आणि तिच्या तोंडचं जे एकच वाक्य शब्दन्‌शब्द आठवत होतं तेच लिहिलं.

'अहो, लक्ष कुठंय तुमचं?'

सेव्हचं बटण एकदा दाबलं तरी पुरतं, असं सुषमा म्हणते. मी तीन वेळा दाबलं. फिटर आहे मी. नट सैल राहिलेला मला चालत नाही!