मोतीराम सरांची कंबर

उस्मानपुऱ्यातल्या एका मंगल कार्यालयाच्या गच्चीवर मोतीराम सर कराटे शिकवायचे. लग्नसराईत क्लास बंद, कारण गच्चीवर पंगत. एरवी संध्याकाळी सरांची आरोळी निघाली की खालच्या रसवंतीवाल्याच्या हातातला ग्लास हिंदकळायचा. पालकांचा त्या आरोळीवर विश्वास होता, आणि पट्ट्यांवर त्याहून जास्त. सरांकडं कुणी नापास होत नसे. पिवळ्यावरून नारिंगीवर जाताना पोरांना दम लागू नये म्हणून त्यांनी मधे नारिंगी रेघेचा आणखी एक पिवळा पट्टा काढला होता. त्याचीही परीक्षा, हार, फोटो सगळं यथासांग व्हायचं.

सर मूळचे गंगापूरचे. शाळेत असताना कुणीतरी शहरातून येऊन तिथं शिबिर घेतलं आणि जाताना भिंतीवर एक तक्ता लावून गेला. प्रत्येक ठोशाची दोन चित्रं: हात कमरेशी आणि हात पुढं. मधे काय होतं ते चित्रकारानं काढलं नव्हतं. मोतीरामनं ते मनानं भरून घेतलं. जिथं भरता आलं नाही तिथं ओरडून भागवलं. एवढ्या भांडवलावर त्यानं शहर गाठलं, आणि शहरानं त्याला सर केलं.

गेल्या वर्षी त्यांची जुनी विद्यार्थिनी निशा आली. ती आता शारीरिक शिक्षणात पीएच.डी. करत होती. ठोसा मारताना अंगाचा कोणता भाग आधी हलतो, कोणता मागून, आणि त्यावरून माणसाची तयारी कळते का, हा तिचा विषय. नवशिक्यांची तपासणी झाली होती. "आता मुरलेला माणूस पाहिजे," ती म्हणाली, "मला तुमीच आठवले सर."

सरांनी पालकांनाही बोलावलं. गुलमंडीत कापडाचं दुकान असलेले साहेबराव खुर्ची ओढून पुढं बसले. निशानं सरांच्या पायाला, कमरेला, खांद्याला, मनगटाला काडेपेटीएवढी यंत्रं बांधली. सरांनी ठोसा मारला. आरोळी दणक्यात झाली. लॅपटॉपवर रेघा उमटल्या, निशानं मान वाकडी करून पाहिल्या.

"अजून एकदा मारता का सर?"

सरांनी मारला. "काय झालं?"

"मुरलेल्या माणसाची आधी कंबर वळते, मग खांदा, हात शेवटी. तुमचा हातच आधी निघतोय."

"आन् कंबर?"

"येतीय सर. उशिरा येतीय."

"उशिरा म्हंजे किती?" साहेबरावांनी विचारलं.

"ठोसा लागून गेल्यावर."

पंगत उठल्यावर नवरदेव पोचावा, तसला प्रकार. मशीन चायनाचं दिसतंय, असं सर म्हणाले. निशानं यंत्रं सोडून पुन्हा बांधली. पण यंत्राला रीतभात नसते. त्यानं पुन्हा सरांना नवशिक्यांतच बसवलं.

आठवडाभरात खाली फ्लेक्स लागला: 'शास्त्रीय यंत्राद्वारे तपासणी झालेले शहरातील एकमेव प्रशिक्षक.' तपासणीत काय निघालं ते कुणी विचारलं नाही. साहेबरावांनी तर धाकट्यालाही घातलं.

सरांना मात्र चैन पडेना. घरात उठता-बसता ते कंबर वळवून बघायचे.

"कंबर धरलीय का तुमची?" बायकोनं, मंजुषानं विचारलं. "तेल चोळून देऊ?"

"धरली नाय. उशिरा येतीय."

हे काहीतरी नवीन दुखणं असावं म्हणून तिनं हाडाच्या डॉक्टरचा पत्ता काढून ठेवला. सर डॉक्टरकडं न जाता निशाकडं गेले. दर रविवारी ती कॉलेजच्या मैदानावर शिकवायची, तिथं ते नवशिक्यांच्या मागच्या ओळीत उभे राहू लागले. कुणी ओळखीचं भेटलंच तर "पाहणी करतोय" म्हणायचे.

"हळू मारा सर, आवाज न करता," निशा सांगायची.

हेच अवघड होतं. आरोळीवाचून त्यांना भर बाजारात उघडं उभं राहिल्यासारखं वाटायचं. "आवाज काढला की मला वाटतं, ठोसा झाला," ते एकदा म्हणाले.

"म्हणूनच नका काढू."

पावसाळा सरला. एका संध्याकाळी गच्चीवर ठोसा दाखवताना सरांची टाच रुतली, कंबर वळली आणि हात तिच्यामागून आपोआप निघाला. बाही फाडकन वाजली. ओरडायचं राहूनच गेलं. सर तसेच उभे राहिले. इतक्या वर्षांत ठोसा कसा असतो ते त्यांना पहिल्यांदा कळलं होतं, आणि ज्याला सांगावं असं गच्चीवर कुणी नव्हतं.

साहेबराव जवळ आले. "घसा बसला का सर? पोरांना जोश येईना."

"व्हय, थोडा बसलाय," सर म्हणाले.

पुढच्या परीक्षेत त्यांनी निम्म्या पोरांना पट्टा दिला नाही. साहेबराव आपल्या पोरांना घेऊन पट्ट्यासोबत चषक देणाऱ्या दुसऱ्या क्लासला गेले. त्यांच्यामागून बरेच गेले. राहिली त्या पोरांना सर कंबर वळवायला शिकवू लागले. फ्लेक्स काही उतरवला नाही; त्यात खोटं काय होतं?

दिवाळीनंतर निशानं पुन्हा यंत्रं बांधली. यंत्रानं सरांना मधल्या गटात टाकलं, ना नवशिके ना मुरलेले. घरी आल्यावर मंजुषानं विचारलं, "काय निघालं?"

"बरं हाय," म्हणत सर ताटावर बसले, आणि त्या दिवशी एक भाकरी जास्तीची खाल्ली.