आप्पाराव गुरुजींनी मिशी काढली

आप्पाराव गुरुजींची नक्कल करायला दोनच गोष्टी लागायच्या. नाकाखाली धरायला काळ्या मेंढीची चिमूटभर लोकर आणि ‘कशावरून’ हा शब्द. शब्द नाकातून लांबवायचा आणि शेवटी मान तिरकी करायची. आज ढग आलेत म्हणा, एसटी चुकली म्हणा, गुरुजी विचारणारच, कशावरून? शिपाई म्हाळूमामा म्हणायचा, ह्या माणसाला बायकोनं भूक लागली का विचारलं, तर तिलाबी पुरावा मागत असंल.

मिशी म्हणजे वरच्या ओठावर सोडलेला पडदा. चहा पिताना गुरुजींच्या आधी तीच बशीत उतरायची. बोलताना तोंड दिसायचंच नाही. मिशी हलली की समजायचं, गुरुजी बोलतायत.

हे शहाण्णव सालचं. दिंद्रुडपासून तीन कोसांवरच्या आमच्या गावात तेव्हा नुकताच एसटीडीचा पिवळा डबा आला होता, वैजिनाथशेटच्या दुकानात. त्यांची शिवांजली आमच्याबरोबर सातवीत. पाचव्या वर्षी तापात तिचे कान गेले. शिबिरात मिळालेली कानाची मशीन ऐकवायची कमी आणि शिट्ट्याच जास्त मारायची. बोलायची जाड आवाजात, पण स्वच्छ. दोन महिन्यांतून एकदा तालुक्याहून अपंग मुलांचे फिरते शिक्षक यायचे. ते सांगून गेले, पोरीला पुढं बसवा, तिच्याकडं तोंड करून बोला. गुरुजींनी तिला पहिल्या रांगेत मधोमध बसवलं, आणि आपल्याकडून भर म्हणून असे ओरडून शिकवायला लागले, की भिंतीपलीकडची चौथी आमची गणितं सोडवायला लागली.

तरी शिवांजली गणितात कोरीच. मराठी शिकवणाऱ्या सुभद्राबाईंकडं साठ, गणितात चार. वैजिनाथशेटनी शाळेत येऊन सांगून टाकलं, की सहामाहीत गणितात गेली तर शाळा बास, दुकानात बसवतो. गुरुजींना रागापेक्षा कोडंच जास्त पडलं. मराठी कळतं ते डोकं गणिताला कुठं जातं? म्हाळूमामालासुद्धा विचारून झालं. मामा म्हणाला, गणितात माझंबी जात न्हवतं.

एका मधल्या सुट्टीत मला लोकर सापडेना, म्हणून नुसत्या तोंडानंच गुरुजी झालो. सकाळचंच गणित घेतलं. बारा सऱ्या, एका सरीत पंधरा झाडं, झाडं किती? सकाळी याच गणिताला शिवांजली खाली मान घालून उभी राहिली होती. आता चिवडा खाता खाता म्हणाली, “एकशे ऐंशी.”

पोरं हसली नाहीत, कारण दारात गुरुजी उभे होते.

मला वाटलं, आज काही खरं नाही. गुरुजी आत आले आणि हळूच म्हणाले, “लोकर कुठाय?”

म्हणजे त्यांना लोकर माहीत होती. ती तरटपट्टीखाली निघाली. गुरुजींनी मला ती नाकाखाली धरायला लावली आणि दुसरं गणित विचारायला सांगितलं. शिवांजली गप्प. लोकर काढून विचारलं, उत्तर बरोबर. परत लावली, परत गप्प. असं पाच वेळा. प्रत्येक वेळी गणित नवं. मग गुरुजींनी स्वतःच्या मिशीला हात लावला आणि बाहेर गेले.

सोमवारी आले ते सफाचट. ओठ एवढा गोरा, की दुसऱ्याचा आणून बसवल्यासारखा.

आमच्याकडं आईबाप गेल्यावरच मिशी जाते, एरवी नाही. गुरुजींची आई गेलेली आम्हाला माहीत होती, म्हणजे आता वडील. आणि असलं कुणी तोंडावर विचारत नाही. चावडीजवळ लोक बिडी विझवून उभे राहिले. म्हाळूमामानं डोळे पुसत चहा दिला. गुरुजींना वाटलं, आपला चेहरा एवढा वाईट दिसतोय. ते म्हणाले, होईल सवय हळूहळू. लोक म्हणाले, काय धीराचा माणूस हाय.

मंगळवारी वैजिनाथशेट चौघांना घेऊन जीपनं केजजवळच्या गुरुजींच्या गावी भेटायला गेले. जीप थांबायच्या आधीच त्यांनी रडायला सुरुवात केली होती. ओट्यावर गुरुजींचे वडील, राधाकिशन आबा, शेंगा फोडत बसलेले. मिशी लेकापेक्षा दुप्पट. आबांनी विचारलं, “कोण गेलं?” वैजिनाथशेटनी डोळे पुसले आणि मिशीचं सांगितलं.

बुधवारी त्याच जीपनं आबा थेट आमच्या वर्गात. मागं वैजिनाथशेट, खाली बघत.

“मी जिता हाय आन् तू मिशी काढली? आता मी गेल्यावर काय काढशील बे?”

गुरुजी पोरासारखे उभे राहिले. मग त्यांनी सगळं सांगितलं. ही पोरगी कानानं नाही, ओठांवरून ऐकते. सुभद्राबाईंचे ओठ दिसतात, माझे दिसत नव्हते. वैजिनाथशेटनी पहिल्यांदाच मान वर केली आणि आपल्या पोरीकडं बघितलं.

आबांनी मान तिरकी केली. “कशावरून?”

हा शब्द कुठून आला ते तेव्हा समजलं.

आबा शिवांजलीसमोर उकिडवे बसले. “तीन बैलगाड्या. एकेकीत अठरा पोती. किती झाली?” शिवांजलीनं मिशी बघितली, मग गुरुजींकडं बघितलं. गुरुजी तोंड उघडणार तोच आबांनी हात करून थांबवलं. मग दोन्ही हातांच्या चिमटीत मिशीची टोकं धरून वर उचलली, आणि उरलेल्या तीन दातांनी तेच परत विचारलं.

शिवांजली आधी हसली. मग म्हणाली, “चोपन्न. पण बैल मरतील.”

आबांनी मिशी सोडली. वैजिनाथशेट गुरुजींना म्हणाले, सहामाहीचं ऱ्हाऊ द्या, वर्षभर बसू द्या तिला. मग पोरीसमोर येऊन, ओठ फाकवत, अगदी सावकाश तेच तिला सांगितलं. तिनं मान हलवली. तीही सावकाश, बापाची नक्कल केल्यासारखी.

निघताना आबा दारात थांबले आणि लेकाच्या गोऱ्या ओठाकडं बघत म्हणाले, “पोरगी पास होईस्तोवर ऱ्हाऊ दे असाच. तवर मी मरत न्हाई.”