हात लावा जरा

आमच्या जीपचा मला जितका राग आला, तितका आयुष्यात कुठल्या माणसाचाही आला नाही. तिला दारं नव्हती. मागची सीट म्हणजे दोन फळ्या. वर ताडपत्रीचं छत, त्याला इतकी ठिगळं की मूळ कापड कुठलं हे आईलाही सांगता आलं नसतं, आणि ठिगळं तिनेच लावलेली. पावसात काच पुसायचा दांडा आतून हाताने फिरवावा लागे. हॉर्न लहर आली तर वाजायचा.

अप्पा, म्हणजे माझे वडील, एका सरकारी खात्यात ड्रायव्हर होते. साहेबाला घेऊन बीदर-गुलबर्गा करण्यात त्यांची उमर गेली. खात्याने ती जीप मोडीत काढली आणि लिलावात अप्पांनीच उचलली. मुडबीच्या बाजूच्या आमच्या गावात, ओढ्याकाठच्या बौद्ध वस्तीत ती दोरीने ओढत आणली, तेव्हा सगळी वस्ती बघायला लोटली होती. मग कितीतरी महिने आमच्या अंगणात दुसरं काही झालंच नाही. गंज मी खरवडायचो, रंग अप्पा द्यायचे. स्प्रिंगचे पाटे बीदरच्या भंगारातून आले, गिअरबॉक्स गुलबर्ग्याहून. रेडिएटर गळला की अप्पा त्यात हळद टाकायचे.

"गाडी हाय का नवरी?" आई करवादायची. "सारखं हळद लावायलाव!"

हळूहळू सगळं दुरुस्त झालं. सेल्फ तेवढा झाला नाही. पायाशी एक बटण होतं, ते दाबलं की इंजिन चालू व्हायला हवं. दाबा नाहीतर त्यावर नाचा, गाडी ढिम्म. विचारलं की अप्पांचं उत्तर ठरलेलं, "पार्ट मिळत न्हाई." एवढा गिअरबॉक्स शोधून आणणाऱ्या माणसाला हा एक पार्ट कसा मिळत नाही, असं विचारलं की ते विडी पेटवायचे.

त्यामुळे गाडी धक्क्यावर. वस्तीतल्या काळ्या मातीत धक्का मारायचा म्हणजे आपणच घोट्यापर्यंत रुतायचं. गावात उतार एकच, पाटलांच्या मोठ्या घरापुढचा. उतार तरी कसला! तांब्या लवंडला तर पाणीसुद्धा दोन हात जाऊन थबकेल. पण अप्पांनी गाडीचा मुक्काम तिथेच ठरवला. सकाळी ते ऐटीत सीटवर चढून बसत आणि पाटलांच्या कट्ट्यावरच्या मंडळींना हाक देत, "हात लावा जरा!" मंडळी उठत, धोतर खोचत आणि ढकलत. कधीकधी खुद्द पाटीलही पायऱ्या उतरून येत. न येऊन सांगतात कुणाला? छोटा दांडा ओढून चारी चाकांना जोर दिला की ती गाडी कसल्याही चिखलातून निघायची, एवढं मला कबूल आहे. पावसाळ्यात राजेश्वरच्या हमरस्त्यापर्यंत पोचणारं दुसरं काही गावात नव्हतंच. बाजाराला, दवाखान्याला, कचेरीला, सगळे हिच्यातूनच जायचे.

आणि मी नोकरीला. बीदरच्या कडेला कोळारला कारखाने उठत होते, त्यातल्या एकात मी लागलो होतो. अजून कायम झालो नव्हतो. शनिवारी गावी यायचं आणि सोमवारी सकाळी राजेश्वरला बस धरायची. पण कट्ट्यावर माणसं जमणार, तंबाखू मळून होणार, गप्पा होणार, मग ती हात लावणार. तोवर बस गेलेली. शेवटी मुकादमाने तोंडावर सांगितलं, आणखी एक सोमवार चुकला तर येऊच नको, दुसरा माणूस ठेवतो.

त्या रविवारी अप्पांनी ग्रीस भरायला गाडी वस्तीत आणली होती. ते बाहेर गेल्याचं बघून मी चवताळूनच तिच्याखाली शिरलो. पार्ट नाही म्हणजे कुठला नाही, तो एकदा बघायचाच होता. बघतो तर सगळं जागेवर. फक्त सेल्फची जाड वायर काढून वर खोचून ठेवलेली, तिच्या टोकाला स्वच्छ फडकं गुंडाळलेलं, वर तेलाचं बोटही फिरवलेलं. मी ती जोडली, वर बसलो, बटण दाबलं. पहिल्याच झटक्यात इंजिन धडधडलं.

आवाज ऐकून अप्पा आलेच.

"कामून जोडलास?"

"कामून? अप्पा, माझी नोकरी जायलीय, अन् तुम्ही..."

अप्पांनी वाकून इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "तुझा आज्जा त्या घरापुढनं चपला हातात घेऊन जायचा. मी बारका असताना त्यांच्या तांब्याला चुकून हात लावलो, तर तांब्या विस्तवात घालून घेतले. मला मारले ते येगळंच." "आता मी वर बसून हाक मारायलोय, अन् तेच लोक हात लावायलेत. सेल्फ जोडल्यावर कोण लावंल?"

तरी माझा राग गेला नाही, खोटं कशाला बोलू. घरची गाडी, चालू गाडी, आणि माझी भाकरी जाते की राहते अशी वेळ आलेली. अप्पा एवढंच म्हणाले, "जोडलास ते ऱ्हाऊ दे. नोकरी महत्त्वाची."

सोमवारी अप्पांनी अंगणातच बटण दाबलं. छोटा दांडा ओढून गाडी चिखलातून वर आली. पाटलांच्या घरापुढे रोजचे उतारू घ्यायला थांबली तेव्हा इंजिन चालूच होतं. कट्ट्यावरची माणसं सवयीने उठली होती, ती तशीच उभी राहिली. म्हातारे पाटीलही पायरीवर आले होते.

"कामून, आज ढकलायचं न्हाई व्हय?" त्यांनी विचारलं.

अप्पा स्टिअरिंगवरच्या आपल्या हातांकडे बघत राहिले. माझ्या मांडीवर पिशवी होती, बसची वेळ झाली होती, आणि मला त्या गाडीचा, त्या गावाचा, अप्पांचा, सगळ्यांचा भयंकर राग आला. मी हात लांब करून चावी फिरवली. इंजिन बंद पडलं. खाली उतरून मागे गेलो.

"अण्णा," मी पाटलांना म्हणालो, "बंद पडली बघा. हात लावा जरा."

त्यांनी माझ्या हाताशेजारी आपले दोन्ही हात टेकले. आम्ही ढकललं.

राजेश्वरला पोचलो तेव्हा बस अर्थातच गेली होती. अप्पांनी उतारू तिथे उतरवले, मला उतरू दिलं नाही, आणि गाडी तशीच पुढे हाणली. हुमनाबाद गेलं, बस मागे पडली, माझी हाडं खिळखिळी झाली. कारखान्याचं फाटक लागायच्या आत त्यांनी मला कोळारला सोडलं. गाडी तिथे बंद पडली, यावेळी खरोखरची.

फाटकाशी शेपन्नास कामगार उभे होते. अप्पांनी कुणालाच हाक मारली नाही. बटण दाबलं आणि गेले.