सोळा ग्रॅमचा पाचुंदा

बाहेरून आलेले परीक्षक प्रज्ञाच्या नावापुढे शून्य काढत होते. अर्धं काढून झालं होतं.

हिंगोलीतलं आमचं ज्युनिअर कॉलेज, बारावीची केमिस्ट्री प्रॅक्टिकल. मी तिथला मास्तर, म्हणजे त्या दिवशी घरचा परीक्षक. घरच्या परीक्षकाने चहा सांगायचा आणि मान डोलवायची. पाहुणे भर उन्हाचे सूट घालून आले होते. त्यामुळे मान जरा जास्तच डोलवावी लागत होती.

प्रज्ञा डोंगरकडा गावची. सकाळी तिचा सॉल्ट ओळखायचा चुकला होता. तोंडीतही शून्य पडलं तर ती प्रॅक्टिकलमध्ये नापास, आणि फार्मसीचं स्वप्न तिथंच संपलं.

प्रश्न साधा होता. "सोळा ग्रॅम ऑक्सिजन वायूत रेणू किती?"

"अर्धा मोल, सर. म्हणजे ३.०११ गुणिले दहाचा तेविसावा घात."

"राँग! सोळा ग्रॅम म्हणजे एक मोल. बेसिकच कच्चं आहे."

मोल हा मोजायचा गठ्ठा. डझन म्हणजे बारा, तसा मोल म्हणजे ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात, इतके नग. पण आमच्याकडे 'मोल' म्हटलं की पोरं भाव विचारायची. म्हणून मी पाचुंद्यावरून शिकवायचो. कडब्याच्या पाच पेंढ्या म्हणजे एक पाचुंदा.

सोळा ग्रॅममध्ये ऑक्सिजनचे एक मोल अणू असतात, हे खरं. पण वायूत ते सुटे नसतात. दोन अणू मिळून एक रेणू. पाहुण्यांनी नेमकी ती जोडी सोडवून टाकली होती.

मी घसा खाकरला, पण प्रज्ञाच आधी बोलली.

"सर, तुमच्याकडं पाचुंदा म्हणतेत का?"

पेन थांबलं. "म्हणतात. त्याचं इथं काय?"

"धा पेंढ्यांचे पाचुंदे दोन. बराबर? अन् दोन-दोन पेंढ्या एकत्र बांधल्या, तर जोड्या किती?"

"पाच."

"मंग जोड्यांचा पाचुंदा एकच झाला, दोन न्हाई. ऑक्सिजन बी जोडीनंच ऱ्हाते, सर."

पाहुण्यांनी बोटांवर जोड्या मोजल्या.

"व्हय की!" सूटमधून एकदम गाव बाहेर आलं. "बापासंगं मी सोता कडबा बांधलाय, अन्..." मग त्यांनी टाय सारखा केला. "तरी प्रश्न ट्रिकी होता."

"तुमचाच होता, सर," मी म्हणालो आणि चहा पुढे केला.

त्यांनी अर्धं शून्य खोडलं आणि पूर्ण मार्क लिहिले. खाडाखोडीवर सही लागते. ती त्यांनी एवढी मोठी केली की खालच्या पोराच्या रकान्यात उतरली. प्रज्ञा पास झाली. पुढे नांदेडला तिनं फार्मसी केली.

निवृत्त होईपर्यंत मग मी दर वर्षी पहिल्या तासाला एवढंच सांगायचो: मोल नंतर. आधी विचारा, पेंढ्या मोजायच्या की जोड्या. समोरचा सूटमध्ये असेल तर दोनदा विचारा.