मेकअपला लायसन्स लागतं का, ताई?

"ब्रश खाली ठेव," मी म्हटलं.

चटका बसावा तसा मुग्धाने हात मागे घेतला. आरशासमोर नवरी बसलेली, तिच्या मागे नवरीची आई, आणि माझ्या उघड्या मेकअप बॉक्सजवळ ही. बाहेर हॉल भरत चालला होता. मला आवाज चढवायचा नव्हता, पण चढला. मुग्धा त्या दिवशी पाहुणी म्हणून आली होती आणि तिने पाहुणीच राहणं भाग होतं. का, ते सांगते.

मी सिंगापूरमध्ये मेकअप आर्टिस्ट आहे. लग्नं, डोहाळजेवणं, ऑफिसवाल्यांचे फोटो, जे येईल ते करते. मूळची मिरजेची. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले, पुढे एका मॉलमध्ये कॉस्मेटिक्सच्या काउंटरवर लागले, तिथेच हात बसला. आता इथली सिटिझन आहे. ब्युटी स्कूलची पायरी मी कधी चढले नाही, आणि हे आपल्या लोकांत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे नव्या मुली एकच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात.

मुग्धाही आली होती. त्या लग्नाच्या थोडं आधी, वुडलँड्सहून मेट्रो पकडून माझ्या तोआ पायोहच्या फ्लॅटवर. सोफ्याच्या अगदी कडेला बसली, उठवलं तर लगेच निघता यावं अशी. साताऱ्याची मुलगी. नवरा निखिल आयटीत.

"ताई, मेकअपला इथे लायसन्स लागतं का हो? आणि ब्युटी स्कूल केलंच पाहिजे का?"

"नाही आणि नाही," मी म्हटलं. "चहा घेतेस ना?"

तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू! "म्हणजे मी लगेच सुरू करू शकते?"

"पास कोणता आहे तुझा?"

"डिपेंडंट पास."

गाळणी हातातच राहिली माझ्या. झालं का!

जरा समजावून सांगते. नुसता मेकअप करायचा तर इथे सरकारी लायसन्स लागत नाही. मसाजचं दुकान टाकायचं तर लागतं, चेहरा रंगवायला नाही. शाळेचं सर्टिफिकेट असतं ते गिऱ्हाइकाला दाखवायला. पण परदेशी माणसाला कुठलंही काम करायला वर्क पास लागतो. डिपेंडंट पास म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या आधाराने मिळालेली राहायची परवानगी. राहा, फिरा, शिका. काम करायचं असेल तर एखाद्या कंपनीने तुमच्यासाठी वेगळा पास काढावा लागतो. बॉक्स उचलला आणि घरोघरी निघालं, हे त्यात बसत नाही.

"आणि फुकट केलं तर?"

"फुकट केलं तरी काम ते कामच. शेजारणीला लिपस्टिक लावलीस तर कोण विचारतंय? पण अख्खी नवरी तयार केलीस, ग्रुपवर फोटो टाकलेस, की झाला धंदा. उद्या निखिलच्या नोकरीवर बेतलं म्हणजे?"

 मग बोलू लागली ती थांबेचना. साताऱ्यात स्टँडच्या मागच्या गल्लीत तिचं पार्लर होतं. पाटीवर तिचं स्वतःचं नाव. लग्नसराईत दाराबाहेर चपला मावायच्या नाहीत. शेवटची नवरी तुळशीच्या लग्नानंतरची, कोरेगावची. वार, तारीख, साडीचा रंग, सगळं तिने धडाधड सांगितलं. मी विचारलंही नव्हतं.

"आता निखिल ऑफिसला गेला की मी माझाच मेकअप करते," ती म्हणाली. "पूर्ण ब्रायडल. आणि तो यायच्या आत धुऊन टाकते."

"अगं, धुतेस कशाला?"

"ठेवून करू काय, ताई? बघणार कोण?"

मी तिच्या शेजारी जाऊन बसले. पण मी पडले व्यवहारी बाई. म्हटलं, "शाळेच्या भानगडीत पडू नकोस. येतंय तेच परत शिकायला कशाला जातेस? एखादं काम शोध, ते पास काढतील. तोवर थांब." थांब म्हणायला माझं काय जात होतं? माझ्या हातात रोज कुणा ना कुणाचा चेहरा होताच.

आता ते लग्न. नवरी सानिका मुग्धाच्याच ब्लॉकमध्ये खालच्या मजल्यावर राहणारी, इथेच वाढलेली. तिची आई सुलभाताई बँकेत. मी रीतसर ट्रायल घेतली होती. ट्रायल म्हणजे लग्नाआधी एकदा पूर्ण मेकअप करून बघायचा आणि त्वचेच्या रंगाला जुळणारा बेस ठरवून ठेवायचा. बेस म्हणजे फाउंडेशन. तो चुकला की वरची सगळी कलाकुसर पाण्यात.

"हळद कधी?" मी तेव्हाच विचारलं होतं.

"नावापुरती लावणार गं, बोटभर," सुलभाताई म्हणाल्या होत्या.

नावापुरती! आदल्या दिवशी पुण्याहून मावश्या उतरल्या, येताना घरची दळलेली हळद घेऊन. भाचीचं लग्न, हौसेला मोल नाही. संध्याकाळी त्यांनी पोरीला कपाळापासून पावलांपर्यंत माखली. सकाळी सानिका माझ्यासमोर बसली ती पिवळीधमक होऊन. ट्रायलचा बेस गालावर टेकवला तर गाल राखाडी दिसायला लागला.

"आंटी, आय लुक सो डेड, लाह!" ती रडायलाच लागली.

मेलेली दिसते म्हणे, इथल्या पोरींच्या त्या 'लाह'सकट. खोटंही नव्हतं. पिवळ्या कातडीवर गुलाबी झाक असलेला बेस बसला की असंच होतं. आणि हळद घासून जात नाही. घासाल तर कातडी लाल होते, मग पिवळ्यावर लाल निस्तरत बसा. मी तेलाच्या क्लेन्झरने हलक्या हाताने जेवढी निघाली तेवढी काढली. उरली ती तशीच राहू दिली आणि दोन शेड्स मिसळून तिला पोटात घेणारा बेस बनवायला लागले. जुळवायचा गळ्याशी, गालाशी नाही. यात सगळा वेळ गेला. डोळे, केस, सगळं बाकी.

त्यात मुग्धा गजरे घेऊन आत आली. मावश्यांनी पाठवलं होतं तिला. तिने सानिकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, गजरे ठेवले आणि सरळ माझा आयशॅडोचा ब्रश उचलला. विचार करून नव्हे हो. हात आपोआप गेला.

तेव्हा मी ओरडले.

"अगं, करू दे ना तिला!" सुलभाताई म्हणाल्या. "घरचीच आहे ती. गुरुजी तिकडे मुहूर्त मुहूर्त करतायत."

"सुलभाताई, हे माझं काम आहे. मी हिच्या हातात ब्रश दिला की ही माझ्याकडे कामाला लागली. उद्या विचारणा झाली तर तुम्ही येणार आहात सांगायला?"

 मुग्धा भिंतीला टेकून उभी राहिली, हात पाठीमागे बांधून. जायला हवं होतं तिने, पण गेली नाही. तिच्या बाजूला कपाटाचा आरसा होता आणि त्यात मला ते बांधलेले हात दिसत होते. माझा ब्रश पापणीवर फिरेल तशी तिची बोटं फिरत होती. मी थांबले की थांबत होती. मला इतका राग आला! तिचा नाही. त्या पासाचा, आणि आपण बरोबर वागत असल्याचा.

सगळं आटपलं. कपाळावरची चंद्रकोर तेवढी राहिली. ती मी नेहमी लाल लिक्विड लायनरने काढते, पुसण्याची भीती नाही. लायनर उघडला आणि दारातून एक मावशी डोकावली.

"सवाष्णीने कुंकू लावलं का गं नवरीला?"

मी लायनर बंद केला.

"लावायचंय," मी म्हटलं. "मुग्धा, ये इकडे. कुंकू लाव हिला."

"मी?"

"सवाष्ण आहेस ना? मग! नवरीला कुंकू लावायला अजून कुठल्या देशाने पास काढलेला नाही."

तिने आधी हात धुतले. मग दोन बोटांनी सानिकाची हनुवटी उचलली, आणि ती पाहुणी राहिली नाही. साताऱ्याच्या पार्लरमधली बाई झाली. कपाळावर व्हॅसलीनचा पुसट हात, त्यावर अनामिकेने कुंकू, आणि नखाच्या कडेने कोर साफ करत नेली. बाहेर गुरुजींनी दोनदा हाका मारल्या.  कोर पूर्ण झाली तरी तिने हनुवटी सोडली नाही. नुसती बघत राहिली त्या चेहऱ्याकडे.

"सोड बाई आता तिला, लग्न लागायचंय," मी म्हटलं.

सगळ्या हसल्या. तीही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले. सानिकाला वाटलं, कोर बिघडली.

नंतर बरेच दिवस गेले आणि एकदा तिचा फोन आला. "ताई, मी ब्युटी स्कूलमध्ये नाव घातलं."

मी उसळलेच. "कानीकपाळी ओरडले होते ना मी! लायसन्स लागत नाही, नुसत्या सर्टिफिकेटवर पास मिळत नाही. आणि तुला ते शिकवणार काय?"

"पहिल्या दिवशी ब्रश कसा धरायचा ते शिकवलं," ती हसत म्हणाली.

"मग गेलीस कशाला, बये?"

"तिथे जोड्या लावतात, ताई. आज मी तिला करायचं, उद्या तिने मला. रोज एक चेहरा मिळतो हो."

 इतकी वर्षं मी सर्वांना शाळेची गरज नाही असं समजावून सांगत होते, आणि ही गरज माझ्या डोक्यातही आली नव्हती. मी म्हटलं, "बरं केलंस," आणि फोन ठेवला.

तिचा कोर्स आता संपलाय. पाया लेबारच्या एका ब्रायडल स्टुडिओने 'तुझ्या पासासाठी अर्ज करू' म्हटलंय. म्हटलंय, केलेला नाही. सकाळी निखिल गेल्यावर ती पुन्हा स्वतःच्या आरशासमोर बसत असेल. मी विचारत नाही.

हल्ली नवी मुलगी तोच प्रश्न घेऊन आली की 'नाही आणि नाही' म्हणून मी मोकळी होत नाही. आधी पास विचारते. मग विचारते, शेवटचा चेहरा कधी केलास? जिला आठवावं लागतं तिला चहा पाजून घरी पाठवते. जिला तारीख पाठ असते, तिला शाळेचा पत्ता देते.