आत कोण हाय?

गया, टेम्पोत माझं सामान चढवताना सगळ्यात जास्त तूच बडबडत होतीस. दोरी इकडून आवळा, पलंग उभा करा, आक्काच्या पेटीवर पाय देऊ नका. अन् टेम्पो सुरू झाला तशी एकदम गप झालीस. विहारासमोर आपल्या वस्तीतल्या बाया उभ्या होत्या. कोणी जय भीम केला, कोणी नुसतंच बघत राहिलं. हिमायतनगर मागं पडलं, भोकर गेलं. माझा मिलिंद ड्रायव्हरशेजारी बसून म्हणाला, "माय, तिथं तुला काहीच काम राहणार न्हाई. आरामच आराम." लेकरानं चांगल्या मनानंच म्हणलं. पण काम राहणार नाही ही खुशीची गोष्ट समजावी का, हे मला नांदेड येईपर्यंत कळलं नाही.

हे मी तुझ्यासाठी लिहून राहिले, अन् आपल्यातल्या ज्या पोरांमागं शहरात गेल्या त्यांच्यासाठीही. शाळेत काही मी गेले नाही, पोरांच्या पुस्तकांवरून अक्षरं उचलली, तेव्हा चुकलंमाकलं समजून घ्या.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. मिलिंद अन् सूनबाई सकाळी डबे घेऊन निघतात ते दिवे लागल्यावर येतात. जाताना सून रोज सांगायची, "आई, दार लावून घ्या. कोणालाही उघडू नका." मी लावून घ्यायचे. मग मी अन् भिंतीवरचा पंखा. आपल्याकडं दार लावलं म्हणजे घरात कोणीतरी आजारी हाय असं समजून चार जणी विचारायला यायच्या. इथं सगळीच दारं लावलेली. एकदा तर मी दिवसभर कोणाशीच बोलले नाही अन् संध्याकाळी मिलिंदनं "जेवलीस का?" म्हणून विचारलं तर घसा खाकरल्याशिवाय माझा आवाज निघेना.

मग एक दिवस अग्निशमनवाले आमच्या सोसायटीत आले. आमची गल्ली अरुंद, मोठा बंब आत वळत नाही. म्हणून ते म्हणाले, प्रत्येक बिल्डिंगीतली थोडी माणसं आम्ही शिकवून तयार करतो, बंब येईपर्यंत तुम्ही सांभाळा. बिनपगारी काम, स्वयंसेवक म्हणायचं. आमच्या घरातून मिलिंदचं नाव होतं, पण त्याला त्या दिवशी ड्युटी. म्हणून मी गेले. खरं सांगू का गया, आग विझवायला नव्हे, माणसं बघायला गेले.

मैदानात त्यांनी एका पसरट घमेल्यात डिझेल ओतून पेटवलं. भक्क करून जाळ उठला. अन् मी काय केलं असंल? समोर बादली दिसली, उचलली अन् धावले! आपल्या गंजीला आग लागल्यावर धावायचो तशीच. अग्निशमनच्या साहेबांनी मधेच माझा हात धरला. "आजी, आजी! तेलावर पाणी टाकलं तर जाळ उडून तुमच्याच अंगावर येईल." सगळे हसले. एक जण म्हणाला, "आजीला सावलीत बसवा रे." मी म्हणलं, "सावलीत लई बसले बाबा. आता शिकवा." मग साहेबांनी ते लाल सिलिंडर हातात दिलं. पिन ओढायची, नळी जाळाच्या बुडाशी धरायची, दाबायचं, अन् अंगण झाडल्यासारखी इकडून तिकडं फिरवायची. झाडायला मला कोण शिकवणार? जाळ विझला.

नंतर साहेबांनी विचारलं, आग दिसली तर पहिलं काय बघायचं? कोणी म्हणालं पाणी, कोणी म्हणालं मेन स्विच. साहेब म्हणाले, "आत कोण आहे, ते बघायचं."

गया, ही तर आपलीच रीत. आपल्या वस्तीत आग लागली की बाकीचे पाण्याला धावतात, पण एक बाई पाणी आणत नाही. ती हापश्याच्या ओट्यावर उभी राहून घराघराचं नाव घेऊन हाक मारते, अन् त्या घरानं ओरडून सांगायचं, "सगळे हाव!" आधी हे काम माझ्या सासूचं होतं, मग माझ्याकडं आलं. सासू म्हणायची, "पाणी कोणीबी आणंल पोरी. माणसं कोण मोजंल?" मला आपल्या वस्तीतलं सगळं ठाऊक असायचं. कोणाची लेक बाळंतपणाला आली, कोणाचा म्हातारा कोणत्या कोपऱ्यात झोपतो. अन् इथं? समोरच्या दारामागं कोण राहतं ते मला माहीत नव्हतं. मी साहेबांना वस्तीची रीत सांगितली. ते म्हणाले, "मग आजी, तुमच्या बिल्डिंगीत हे काम तुम्हीच करा." अन् एक पिवळं जाकीट अन् शिट्टी दिली. जाकीट गुडघ्यापर्यंत येतं.

मी घरोघर जायला लागले. दार इतकुसं उघडायचं. "काही घ्यायचं नाही आम्हाला." "वर्गणी दिली की मागंच." आमच्याच मजल्यावरचे जाधव, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, तोंडावर म्हणाले, "काय आजी, जनगणना करून राहिल्या का?" सून रडकुंडीला आली. "आई, लोक मला विचारतात, तुमच्या सासूबाईंना घरी करमत नाही का?" मी म्हणलं, "मग सांग की त्यांना. न्हाई करमत."

आमच्या मजल्यावरचं तिसरं दार आमच्या समोरचं. त्याला दिवसभर बाहेरून कुलूप. एका रविवारी ते उघडलं. सरिता नावाची पोरगी, दवाखान्यात कामाला. आधी काही सांगेना. मग हळूच म्हणाली, "आई असते आत. तिला काही ध्यानात राहत नाही, घराबाहेर पडून हरवते. म्हणून कुलूप लावते मी. मावशी, कोणाला सांगू नका." ती आई म्हणजे नरसम्मा. तेलंगणाच्या बाजूची, मराठी तोडकी.

जिन्याकडं त्यांची एक जाळीची खिडकी होती. दुसऱ्या दिवसापासून मी तिथं स्टूल टाकून बसायला लागले. ती आतून विचारायची, "एवरु?" म्हणजे कोण. मी सांगायचे, पंचफुला. ती मान हलवायची. मग माझी मराठी, तिची तेलुगू, ती तिच्या म्हशीचं सांगायची, मी माझ्या शेळ्यांचं. दुसऱ्या दिवशी परत "एवरु?" मला राग आला नाही कधी. अख्ख्या नांदेडात माझं नाव रोज विचारणारी ती एकटीच होती.

अन् एक दिवस दुपारी खाली जिन्याजवळची मीटरची पेटी पेटली. जळक्या वायरीचा वास आला, मग काळा धूर जिन्यानं वर. मी जाकीट अंगात घातलं, शिट्टी वाजवली. वॉचमन माझ्याबरोबरच शिकलेला, त्यानं खालून ओरडून सांगितलं, "सिलिंडर मारतो, कोणी खाली येऊ नका!" धूर खाली असला तर गच्चीवर जायचं, हे आम्हाला शिकवलं होतं. मी सगळ्यांना वर पिटाळलं. जाधव बायकोला घेऊन चढत होते. मी समोरच्या दाराशी उभी. ते ओरडले, "आजी, चला! तिथं कुलूप हाय, कोणी न्हाई आत!"

"हाय! माणूस हाय आत!"

जाधवांनी माझ्याकडं बघितलं, कुलपाकडं बघितलं. मला वाटलं, हे जाणार आता. ते बायकोला म्हणाले, "तू हो वर," अन् घरात घुसून हातोडी घेऊन आले. त्यांनी घाव घातले, मी खिडकीशी तोंड लावून हाका मारत राहिले, धुरानं डोळे फुटायची वेळ. आतून खोकला अन् मग तेच, "एवरु?" "पंचफुला! पंचफुला हाय मी, दाराशी ये!"

कुलूप तुटलं. नरसम्मा दाराशीच उभी होती. जाधवांनी एक हात धरला, मी एक. गच्चीवर नेऊन बसवलं अन् मी कठड्याशी जाऊन एकेका घराचं नाव घेऊन हाक मारली. गच्चीवरून लोक, अन् खाली मैदानातून आधीच बाहेर पडलेले तळमजल्यावरचे, ओरडून राहिले, हाव, आहोत, सगळे आहोत. आवाज सगळे ओळखीचे निघाले. बंबवाले पाइप ओढत आले तोवर वॉचमननं जाळ विझवला होता.

संध्याकाळी सरिता आली. तुटलेलं कुलूप हातात घेऊन जिन्यातच बसली. म्हणाली, "मीच तिला मारलं असतं, मावशी." मी तिच्याशेजारी पायरीवर टेकले. नोकरी सोडून खाणार काय, अन् आईला सोबत बसवायला माणूस कुठून आणणार? दोन आठवड्यांत तिचा भाऊ आला अन् नरसम्माला निजामाबादेला घेऊन गेला. गाडीत बसताना तिनं मला विचारलं, एवरु. सरितानं खोली सोडली. नवीन भाडेकरूंनी त्या जाळीच्या खिडकीला पुठ्ठा लावलाय.

दुपारी आता परत मी अन् पंखा. फरक एवढाच की कोणी गावाला निघालं की दार वाजवून सांगून जातं, "आजी, आमच्याकडं तीन दिवस कोणी नाही बरं." बस म्हणत नाहीत, चहा घ्या म्हणत नाहीत. सांगतात अन् उतरून जातात.

मागच्या महिन्यात तुझ्या नातवाच्या लग्नाला यायला निघाले तेव्हा मिलिंद-सून कामावर गेलेले. मी कुलूप लावलं अन् जाधवांचं दार वाजवलं. म्हणलं, "गावाकडं चालले. घरात संध्याकाळपर्यंत कोणी न्हाई." जाधव दारातच उभे राहिले. म्हणाले, "बरं. कवा येणार?"

अन् गया, मी तुझ्या दारात उतरले, तू गळ्यात पडलीस, पाणी दिलंस, अन् हसत विचारलंस, "आक्का, कवा जाणार?" तू मायेनंच विचारलंस. राहशील ना चार दिवस, असंच तुला म्हणायचं होतं. पण त्या घोटाबरोबर मला कळलं, आता मी वस्तीची पाहुणी झाले. तुला तेव्हा उत्तर देता आलं नाही म्हणून इतकं लिहिलं. तू आठ दिवस राहा म्हणत होतीस, मी तिसऱ्याच दिवशी निघाले. तू रुसलीस. रुसू नको. जाधवांना रविवारी येते म्हणून सांगितलं होतं.